बंदुकीचा हिस्सा

आमच्या गावात बकरा कापला की माणसं पंधरा असत आणि हिस्से सोळा पडत. सोळावा हिस्सा बंदुकीचा.

आर्णीहून महागावकडे जाताना आमचं गाव लागतं. गाव आणि त्याला चिकटलेला बंजाऱ्यांचा तांडा. मध्ये फक्त एक हापसी. आषाढातली आखाडी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आणि धुळवड या तीन दिवशी पंधरा घरं मिळून एक बकरा घेतात. उकंडा पवार चिंचेखाली ताडपत्री अंथरतो, पळसाची पानं मांडतो आणि तराजूला हात न लावता नुसत्या अंदाजाने वाटे घालतो. कोणता वाटा कोणाचा यावरून पूर्वी डोकी फुटली होती म्हणून चिठ्ठ्या टाकायची पद्धत पडली. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मास्तर, शिवाय मटण न खाणारा, म्हणजे दोन्हीकडून निरुपद्रवी. मी पंधरा नावं लिहीत असे आणि सोळाव्या चिठ्ठीवर ‘बंदूक’.

बंदूक ज्यांची, ते हरसिंगकाका काठी टेकून शेजारी उभे असत. उकंडा एखाद्या वर्षी मुद्दाम पंधरा वाट्यांवर थांबायचा.

“हिचा राह्यला,” काका म्हणत.

“कोनाचा, काका?”

“बंदुकीचा.”

“तिनं यंदा काय मारलं?”

“तुले नाही मारलं. एवढं काम कमी हाय का?”

सगळे हसत आणि उकंडा सोळावं पान मांडी. काका त्या पानावरचा वाटा एका पितळी कडीच्या डब्यात भरत, डबा मोपेडच्या हँडलला अडकवत आणि निघून जात. कुठे, ते कोणी विचारत नसे. म्हातारा कुठल्यातरी शेतात दगडांची चूल मांडून एकटाच दोन-दोन हिस्से हाणतो, असं सर्वमान्य मत होतं. घरी मात्र ते त्या दिवशीही वरण-भाकर खात आणि सुनेने आग्रह केला तर म्हणत, “दात कुठं हाय मले?” संध्याकाळी तोच डबा भरून परत येई. कधी मोहाची फुलं, कधी तरोट्याची कोवळी भाजी. “बंदुकीनं पाठवलं,” असं म्हणत काका हापसीवरच्या बायांना ते वाटून टाकत.

मी या गावात बदलीवर आलो आणि इथलाच झालो. काकांचं घर माझ्या घराला लागून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. “मास्तर, विंग्रजी येते का?” येते म्हणालो. “मंग हात धुऊन या.”

हात धुतले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, वास घेतला, धोतराच्या सोग्याला पुसायला लावले. मग आतल्या खोलीतून, लहान मुलाला आंघोळीनंतर पंच्यात गुंडाळून आणावं तशी, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली ती आणली.

मला शस्त्रांचं काही कळत नाही आणि कळावं असं वाटलेलंही नाही. पण ती बंदूक मी पाहतच राहिलो, हे कबूल करतो. दुनळी, बारा बोरची, विलायती. दोन्ही नळ्यांच्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. ती कोरलेली नव्हती, पोलादाच्या पोटातूनच वर आलेली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाच्या जागी घासून मधासारखा झालेला. दोन बाजूंना दोन घोडे, मान वळवून बसलेल्या पाखरांसारखे. खालच्या पत्र्यावर कोणा कारागिराने गवतात दडलेले दोन तितर कोरले होते. त्यांतला एक मागे वळून पाहत होता.

“वाचा,” काका म्हणाले.

नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि त्याच्या शहराचं नाव होतं. मी वाचलं. त्यांनी ते तीनदा वदवून घेतलं, स्वतः दोनदा म्हटलं आणि समाधानाने मान हलवली. “इतक्या सालांचा सोबती, अन् नाव मालूम नव्हतं.”

मग त्यांनी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, आणि रिकाम्या नळ्या माझ्या डोळ्यांसमोर खिडकीकडे धरल्या. आत दोन गोल, चकचकीत उजेड. “चांदीच्या विहिरी,” ते म्हणाले. ती मिटताना ‘टक्’ असा अगदी लहान आवाज झाला. “आयका. तिजोरीचं दार लागते का असं? आजकालच्या बंदुका मिटतात तं खटारा आपटल्यावानी. उजवी नळी पसरून मारते, डावी गच्च. खांद्याले लावली का नजर आपोआप पुढं जाते. मास्तर, हे चीज तुमच्यापेक्षा शिकेल हाय.”

तिच्या शिकारींच्या गोष्टी ते तासन्‌तास सांगत. धुक्यातून उठणारे तितर, एका वावराच्या बांधावर पावसात भिजत काढलेली सकाळ, ओल्या काडतुसाच्या पुठ्ठ्याचा वास, बार झाल्यावर पळसाच्या रानात पसरणारी शांतता. त्यांची बोली उगीचच मऊ व्हायची. फक्त एक गोष्ट त्यांना कधी पुरी करता आली नाही. नाल्यातल्या डुकराची. नाल्याला घाणेरीची झुडपं कशी दाट होती, जनावर उठवायचा हाका कुठून सुटला, डुक्कर केवढं होतं, सगळं सांगून ते म्हणत, “अन् मंग डुक्कर पडलं,” आणि तिथेच थांबून बंदूक फ्लॅनेलमध्ये गुंडाळायला लागत. मी ते वयावर घालत असे. डुक्कर पडलं की गोष्ट संपणारच, असंही वाटे.

शिकारबंदी आली म्हणून काकांनी बंदूक ठेवून दिली, असं गावात बोललं जाई. मीही तेच धरून चाललो होतो.

काकांचं एक वाक्य होतं. “मांगं कोन हाय, पाह्यलं का?” ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला ते हे विचारत, हे समजण्यासारखं आहे. पण ते एसटीच्या ड्रायव्हरलाही खिडकीतून विचारत. झाडाची फांदी तोडणाऱ्याला विचारत. तुरीवर फवारणी करणाऱ्याला विचारत. एका लग्नात नवरदेव माळ घालायला पुढे झुकला, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज आला, “मांगं कोन हाय, पाह्यलं का?” नवरदेव दचकून वळला आणि माळ करवलीच्या गळ्यात पडता पडता राहिली. नवरीच्या मामाने काकांना पाहून घेण्याची भाषा केली. काका शांतपणे म्हणाले, “पुढचं तं सगळेच पायतात.” तेव्हापासून गावातली पोरं एकमेकांना शौचाला जातानासुद्धा तो प्रश्न विचारायला लागली.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे परवानेवाले पावती घेऊन मोकळे होत. काका दर सोमवारी ठाण्यात जात. एकदा मीही सोबत गेलतो. हे ‘गेलतो’ त्यांच्याकडूनच जिभेवर बसलं. सोबत तेलाची बाटली आणि फ्लॅनेलचा तुकडा.

“आजोबा, आता काय राह्यलं?” शिपायाने विचारलं.

“भेटाले आलो.”

“कोनाले?”

“तुमाले नाही.”

तो शिपाई भला माणूस होता. त्याने बंदूक काढून दिली. काकांनी ती आधी उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, दोन्हींतून आरपार पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. मग पुसली. परत देताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे कोणाकडून तरी जप्त केलेली एक गावठी बनावटीची बंदूक ठेवली होती.

“हिले तिच्या बाजूले नका ठेवू.”

“काहून?”

“सोबत वाईट हाय.”

ठाण्यातले सगळे पोट धरून हसले. काकांची मी पुष्कळ नक्कल केली आहे, शाळेत, पाहुण्यांत. त्या सोमवारची तर हमखास करायचो. आता ती करत नाही.

रानडुकरांनी सोयाबीन उकरायला सुरुवात केली तेव्हा तांड्यातली तरणी पोरं काकांकडे आली. मारू नका, नुसता हवेत एक बार काढा म्हणाली. काकांनी त्यांना दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब दिले. “घरात विलायती बंदूक अन् आमाले फटाके?” एकजण चिडून म्हणाला. “तुमची बंदूक म्हंजे देवघरातली मूर्ती झाली, काका. नुसता नैवेद्य खाते.” मला वाटलं, काकांना लागलं असेल. लागलं नव्हतं. ते वर आकाशाकडे बघत होते. हवेत काढलेला बार कुठे उतरतो, याचा विचार करत असावेत.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा दमा वाढला. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. अंगणात उन्हात बाज टाकली होती. मुलगा किसन शेतात आणि सून कापूस वेचायला गेलेली. काकांनी वेळ पाहूनच बोलावलं होतं.

“मास्तर, मी चाललो. बंदूक सरकारात जाईन. किसनले मी सांगतलं, परवाना आपल्या नावावर करू नको. गेली तं जाऊ दे.”

“बरं.”

“पर तिचा हिस्सा चुकू देऊ नका.”

मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं आणि संपू दिलं.

“घाटाच्या पल्याड कोलामाचं पोड हाय, लहानी वस्ती. तिथं जंगूबाई हाय. हिस्सा तिचा.”

मग त्यांनी नाल्यातल्या डुकराची गोष्ट पुरी केली. दम लागत होता म्हणून तुकड्या-तुकड्यांनी. लेतू कोलाम हाका घालणाऱ्यांत होता. त्याच्याइतका रानाचा माहीतगार कोणी नव्हता आणि काकांचा तो जिवाचा मित्र, जंगूबाईचा नवरा. हाकेवाल्यांनी नाल्याच्या वरच्या अंगाला राहायचं ठरलं होतं. डुक्कर बाजूने निसटेल असं वाटून लेतू घाणेरीतून खाली उतरला. डुक्कर बाहेर पडलं. काकांनी दोन्ही नळ्या सोडल्या. “डुक्कर पडलं. त्याच्या मांगं लेतू बी पडला.”

पंचनामा झाला. अपघात लिहिला गेला. बंदूक काही महिने ठाण्यात राहिली आणि परत मिळाली. शिकारबंदी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. ज्यांना हे ठाऊक होतं ते एकेक करून गेले. जे उरले ते बोलले नाहीत.

“त्या दिवशी बी वाटे पडले, मास्तर,” काका म्हणाले. “डुक्कर मारल्यावर वाटे पाडतात, म्हनून कोनीतरी पाडले. कोनाले काही सुधरत नव्हतं, हात आपले चालून राह्यले होते. हाकेवाल्याचा एक वाटा, बंदुकीचा एक. बंदुकीचा म्हंजे बंदूकवाल्याच्या घरचा. मी दोन्ही वाटे लेतूच्या अंगाबरोबर बैलबंडीत ठेवले. दुसरं काय देनार होतो?”

मी विचारलं, बंदूक विकून का नाही टाकली.

“दुसऱ्यानं उचलली असती.” मग म्हणाले, “लय सुंदर चीज हाय ते. तिच्यात खोट नाही. खोट माह्या नजरेत होती. मले पुढचंच दिसे.”

ठाण्यात ते सोमवारी कशाला जात, हे मला तेव्हा कळलं. कोणी भरून तर ठेवली नाही ना, एवढंच पाहायला.

“किसनला का नाही सांगत?” मी म्हटलं.

“तो इचारन, काहून. तुमी चिठ्ठीवर नाव लिवता, इचारत नाही.”

पंधरा दिवसांनी काका गेले. दहाव्याच्या जेवणाला सून मला वाढत होती. मटणाच्या दिवशीही म्हातारा वरण-भाकरच खायचा, दात नव्हते ना, असं मी सहज बोललो. ती म्हणाली, “दात तं आता पडले, मास्तर. माह्या लग्नात ऊस फोडत होते दातानं. पर मटन मी त्यायले कधीच खाताना नाही पाह्यलं.”

किसनने बंदूक जमा केली. मीच सोबत गेलो. तो भला शिपाई बदलून गेला होता. मी नवीन माणसाला म्हणालो, एकदा उघडून पाहू का. त्याने खांदे उडवले. मी नळ्या उजेडाकडे धरल्या. दोन चांदीच्या विहिरी. पत्र्यावरचा तो तितर अजून मागे पाहत होता.

आखाडी आली. चिंचेखाली ताडपत्री पडली. उकंडाने पंधरा वाटे घातले आणि सुरा पुसायला लागला. मी पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या, मग सोळावी.

“मास्तर, हे कायले?” उकंडाने ती उलगडून पाहिली. “काका गेले, बंदूक गेली. आता हिस्सा कोन खाईन? तुमी?”

लोक हसले. किसनही हसला, पण थोडंच.

“काढ,” मी म्हणालो.

“अरे, पर तिनं यंदा काय मारलं?”

या प्रश्नाचं उत्तर काका दर वेळी नवीन देत. मला एकही सुचलं नाही. चाळीस वर्षं मुलांना बोलायला शिकवलेला मी ताडपत्रीपुढे नुसता उभा राहिलो. डोळे भरून आले असावेत, कारण उकंडा एकदम मऊ झाला. “बसा बसा, मास्तर. काढतो.” त्याने पंधरा वाट्यांतून थोडं थोडं उचललं आणि सोळावं पान मांडलं. कोणी कुरकुर केली नाही. किसनने घरातून पितळी कडीचा डबा आणून दिला. विचारलं काहीच नाही. काकांनी त्याला ओळखलं नव्हतं, असं वाटून गेलं.

घाट उतरल्यावर रस्ता कच्चा आहे. पोडावरची घरं कुडाची, स्वच्छ सारवलेली. जंगूबाई दारातच बसली होती, टोपलीतली तरोट्याची भाजी निवडत. वाळलेली, लहानशी, पांढऱ्या केसांची बाई. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तो नाही आला?”

“हिवाळ्यात गेले.”

तिच्या हातातली काडी थांबली. मग तिने ती मोडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला. “बसा,” म्हणाली. शेजारच्या घरातली सून न बोलावता आली, डबा उचलून घेऊन गेली आणि स्वतःच्या चुलीवरच्या भांड्यात रिकामा करू लागली. इतक्या सहज, की हे नेहमीचंच असावं.

“तुम्ही नाही खात?” मी विचारलं.

“मी कुठं खातो.”

“केव्हापासून?”

“बंडी आली तवापासून.” ती भाजी निवडत राहिली. “मानूस एका बाजूले, मटन एका बाजूले. कोनीतरी म्हने, शिजवा, लोकं बसले हायत. मंग नाहीच गेलं तोंडात.”

मी विचारलं, “काकांना सांगितलं नाहीत कधी?”

“काय सांगाव?” तिने पहिल्यांदा मान वर केली. “सांगतलं असतं तं त्यानं आननं सोडलं असतं. आननं सोडलं असतं तं येनं सोडलं असतं. येत जाय, इथं बसत जाय, कोरा च्या पेत जाय. एक सबद बोलत नव्हता. पर लेतूच्या ओळखीचा तेवढाच राह्यला होता ना.”

तिने मला कोरा चहा दिला. मी तो काकांच्या जागी बसून प्यायलो. जागा तिनेच दाखवली.

“त्याले लय आवडत असन,” ती म्हणाली. “म्हनून मले आनून देत जाय. आपल्याले आवडते तेच मानूस दुसऱ्याले देते.”

काकांच्या सुनेचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पन्नासहून अधिक वर्षं तो डबा घाट चढला-उतरला, एका न खाणाऱ्याकडून दुसऱ्या न खाणाऱ्याकडे.

“हो,” मी म्हणालो. “फार आवडायचं.”

तिला बरं वाटलं असावं. शेजारच्या सुनेने डबा धुऊन आणला. जंगूबाईने तो तरोट्याच्या भाजीने दाबून भरला, झाकण लावलं आणि कडी अडकवली. “रिकामा नाही नेऊ,” म्हणाली. मी उठलो तेव्हा तिने विचारलं, “आता पोळ्याच्या करीले कोन येईन?”

“मी येईन.”

“येजो.”

डबा हँडलला अडकवून मी गाडी सुरू केली. वळवण्याआधी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तरी मी काही वेळ पाहत राहिलो.